अवधानाचे वेळापत्रक

पुण्याच्या लष्कर भागात, मोमीनपुऱ्यात किंवा कोंढव्यात एखाद्या मशिदीत गेले, तर पाच नमाजांच्या आणि शुक्रवारच्या जुम्याच्या जमातीच्या, म्हणजे सामूहिक नमाजेच्या, मुक्रर वेळा दाखवणारा घड्याळांचा तक्ता भिंतीवर बहुधा दिसतो, आणि हल्ली मोबाईल बंद ठेवण्याची ताकीदही कोठेतरी लिहिलेली आढळते. चित्त फोनपासून सोडवणे हे केवळ निश्चयाचे काम नसून स्थळकाळाच्या बंदोबस्ताचे आहे, ही मानसशास्त्रज्ञांची शिकवण या दोन पाट्यांत सामावली आहे.

दाणा ठरावीक क्रमाने न मिळता अनिश्चित अंतराने मिळू लागला, तर कबुतर कळ टोचणे सहसा सोडत नाही, असे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांना प्रयोगांत आढळले होते. निरोप आला असेल किंवा नसेल, या अनिश्चिततेपोटीच आपलाही हात पुनःपुन्हा खिशाकडे जातो. 2017 साली टेक्सास विद्यापीठातील एड्रियन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की आवाज बंद केलेला फोन मेजावर नुसता पडून असला तरी बुद्धीच्या कसोट्यांतील कामगिरी खालावते, आणि तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची सर्वांत चांगली होते. पुढील काही पडताळण्यांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही हे खरे. तथापि विक्षेपाचे साधन नजरेआड करण्यात तोटा कसलाच नाही.

इस्लामी उपासनेत ही दक्षता पूर्वापार आहे. नक्षीदार वस्त्रामुळे नमाजेत लक्ष विचलित झाले म्हणून पैगंबरांनी ते परत पाठवून साधे वस्त्र मागवल्याची हकीकत बुखारींच्या हदीससंग्रहात नोंदलेली आहे. जेवण वाढलेले असेल तर आधी जेवून घ्यावे, असाही दंडक तेथेच सापडतो. एकट्याने नमाज पढणारा समोरून कोणी जाऊ नये म्हणून पुढ्यात ‘सुत्रा’ म्हणून एखादी वस्तू ठेवतो, आणि दृष्टी सजद्याच्या, म्हणजे कपाळ टेकण्याच्या, जागी स्थिर करतो. मनाला दटावण्यापूर्वी डोळ्यांपुढची जागा मोकळी करावी, असा हा शहाणपणा आहे.

काळाची व्यवस्था तर सूर्याच्याच हवाली आहे. पुणे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या सुमारे पावणेनऊ अंश पश्चिमेस असल्यामुळे येथे सूर्य सरासरी बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो आणि त्यानंतर जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजेची, वेळ सुरू होते. त्यापुढची असरची नमाज सावलीच्या लांबीवरून ठरते, मगरीबची सूर्यास्तावरून. ‘अमुक घडले की तमुक करीन’ असा संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा अधिक पार पडतो, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 मध्ये मांडले. अजान झाली की वजू, म्हणजे नमाजेपूर्वीचे हातपाय-तोंड धुणे, आणि वजू झाला की नमाज, ही साखळी त्याच जातीची आहे. शिवाय कोपरापर्यंत ओल्या झालेल्या हातांनी फोन चाळता येत नाही. नमाजेनंतर फोन पुन्हा उचलण्याचा मोह होतो, त्या क्षणी बोटांच्या पेरांवर तेहतीस, तेहतीस आणि चौतीस अशी तसबीह, म्हणजे जपाची आवर्तने, मोजण्यात हात गुंतलेला असतो.

गंमत अशी, की आज अनेकजण नमाजेची वेळ फोनवरच पाहतात, आणि वेळ पाहता पाहता पाच निरोप वाचून मोकळे होतात. त्यापेक्षा छापील वेळापत्रक भिंतीवर लावावे.

श्रद्धावान मनुष्य एकाग्रतेच्या लाभासाठी नव्हे, ईश्वरासाठी नमाज पढतो, हे विसरून चालणार नाही. परंतु या शिस्तीतील युक्ती धर्माबाहेरच्या वाचकालाही घेता येते. नवी सवय स्थिर होण्यास किती काळ लागतो, हे लंडनमधील फिलिपा लॅली यांनी 2010 मध्ये शहाण्णव स्वयंसेवकांवर तपासले, तेव्हा मुदत अठरा ते दोनशे चौपन्न दिवसांपर्यंत निघाली आणि मध्यांक सहासष्ट दिवसांचा आला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही. म्हणून दिवसातून एक वेळ मुक्रर करावी, त्या वेळेपुरता फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि दोन महिने तरी ही वहिवाट चालू ठेवावी.