सेटलमेंट : एका शब्दाचे दोन अर्थ

सोलापुरांत कोणाहि रिक्षावाल्याला ‘सेटलमेंटला चल’ म्हणून सांगितलें, तर तो अधिक पत्ता विचारीत बसत नाहीं. हा शब्द आमच्या गांवांत इतका मुरला आहे कीं, तो परक्या भाषेंतून आला याचें कोणाला भानहि उरलेलें नाहीं. परंतु हाच शब्द मुंबईच्या नागपाड्यांत एके काळीं अगदीं निराळ्या, किंबहुना उलट अर्थानें रुजला होता. आणि दोन्ही ठिकाणीं त्याच्याशीं संबंध आला तो एकाच संस्थेचा, अमेरिकन मराठी मिशनचा. शहराच्या वस्तींत ख्रिस्ती मिशनचें कार्य प्रत्यक्ष जगावयाचें म्हणजे काय करावयाचें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. ह्या दोन सेटलमेंटांची तुलना केली असतां तो पुष्कळ उलगडतो, असें मला वाटतें.

‘मिशन’ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें बहुधा एक आवार उभें राहतें : दगडी भिंत, कडुनिंबाचीं झाडें, कौलारू बंगला, प्रार्थनामंदिर, शाळा आणि एखादा दवाखाना. हें चित्र खोटें नाहीं. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले. १८३१ सालीं मिशननें अहमदनगरास ठाणें केलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सोलापुरास. १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ हें पत्र निघालें तें ह्याच मिशनचें. सोलापुरांत मुलींसाठीं वरोनोको शाळा निघाली. मेरी हार्डिंग ह्या बाईंनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें किंडरगार्टनचें, म्हणजे बालवर्गाचें, काम उभें केलें. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दुष्काळांत पोरक्या झालेल्या मुलांना मिशनच्या आवारांनीं आसरा दिला.

हें कार्य थोर होतें, हें सांगावयास नकोच. तथापि आवार म्हटलें कीं भिंत आली, आणि भिंत म्हटली कीं फाटक आलें. गरजू माणूस चालत फाटकापर्यंत येतो. आंत गेल्यावर नियम यजमानाचे. पाहुण्याचें कितीहि आतिथ्य झालें, तरी तो पाहुणाच राहतो. आपल्या भाषेंत ‘शेजारधर्म’ असा एक सुंदर शब्द आहे. त्यांत देणारा आणि घेणारा असा कायमचा भेद नसतो. आज मी विरजण मागतों, उद्यां तुम्ही शिडी मागतां. आवाराला दानधर्म साधतो. शेजारधर्म साधणें मात्र त्याला अवघड जातें.

पुढें काळानेंच हा प्रश्न तीव्र केला. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालीं चालू झाली, आणि तिच्या मागोमाग आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. खेड्यापाड्यांतून कामकरी आले, तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले. एकाच गल्लींत मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू ऐकूं येऊं लागली. मुंबईंत तर ह्याच्या कितीतरी पटीनें दाटी झाली. भोंग्यावर उठणारा आणि भोंग्यावर परतणारा माणूस मिशनच्या फाटकाशीं केव्हां येणार? खेड्यांत एक पाटील, एक चावडी, एक पार असतो. तेथें गांव गोळा करतां येतो. शहरांतील चाळींत शंभर बिऱ्हाडें राहतात आणि गांव मात्र कोठेंच नसतो. तेव्हां अशा ठिकाणीं धर्मकार्य करूं इच्छिणाऱ्यानें प्रथम काय करावें?

ह्या प्रश्नाला एक उत्तर लंडनमध्यें मिळालें होतें. सॅम्युएल बार्नेट हे पाद्री आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा ह्यांनीं १८८४ सालीं शहराच्या दरिद्री पूर्वभागांत ‘टॉयन्बी हॉल’ नांवाचें घर काढलें. विद्यापीठांत शिकलेल्या तरुणांनीं तेथें येऊन राहावें, ही त्यांतील मुख्य कल्पना. मदत वांटून संध्याकाळीं आपल्या चांगल्या वस्तींत परत जावयाचें नाहीं. जें पाणी शेजारी पितो तेंच प्यावयाचें, ज्या चिखलांतून तो जातो त्यांतूनच जावयाचें. १८८९ सालीं जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार ह्या दोघींनीं शिकागो शहरांत ‘हल हाउस’ काढलें तें ह्याच धर्तीवर. अशा घराला इंग्रजींत ‘सेटलमेंट’ म्हणूं लागले. ज्यानें सेवा करावयाची त्यानेंच येऊन वस्ती करावयाची, हा त्या शब्दाचा अर्थ.

शिकागोच्याच विद्यापीठांत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट हे १९२५ सालीं अमेरिकन मराठी मिशनमध्यें मुंबईस आले, आणि १९२७ सालीं त्यांनीं नागपाड्यांत ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ उघडलें. नांवांतच ‘शेजार’ होता, हें लक्षांत घ्यावें. जागा निवडली तीहि सोपी नव्हती. नागपाड्याच्या आसपास मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, हिंदु असे सर्वच लोक दाटीवाटीनें राहत होते, आणि कामाठीपुऱ्याची दुःखी वस्ती हाकेच्या अंतरावर होती. ह्या घरांत वाचनाची सोय झाली, व्याख्यानें झालीं, लहान मुलांचे व स्त्रियांचे वर्ग चालले, आरोग्याचें काम झालें, आणि मुलांसाठीं खेळाचें मैदान झालें. नागपाड्याच्या पोरांनीं पुढें बास्केटबॉलमध्यें सबंध देशांत नांव मिळविलें, त्याचीं मुळें अशाच मैदानांत आहेत. मॅन्शार्टांच्या कार्याचें विशेष लक्षण म्हणजे, घरांत येणाऱ्यानें आपला धर्म बदलावा अशी अपेक्षा त्यांनीं ठेवली नव्हती.

असें काम करतां करतां एक अडचण ध्यानांत येते. मन मोठें असलें म्हणजे काम नीट होतेंच असें नाहीं. कर्जांत बुडालेल्या कुटुंबाला कसें सोडवावें, आजाऱ्याला कोठें पाठवावें, उनाड ठरलेल्या मुलाशीं कसें वागावें, ह्यांचें शिक्षण लागतें. वैद्याला लागतें तसेंच. ह्या जाणिवेंतून १९३६ सालीं सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साह्यानें समाजकार्याचें उच्च शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि तिचे पहिले वर्ग भरले ते ह्याच नागपाड्याच्या घरांत. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. १९४१ सालीं त्यांच्या जागीं जे. एम्. कुमारप्पा आले. १९४४ सालीं संस्थेला टाटा समाजविज्ञान संस्था हें नांव मिळालें, १९५४ सालीं ती देवनारास गेली, आणि १९६४ सालीं तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. समाजकार्य हा आपल्या देशांत एक शास्त्रशुद्ध व्यवसाय झाला, त्याचा उगम असा एका मोहल्ल्यांतील घरांत सांपडतो.

आतां सोलापूरकडे वळूं. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें सरकारनें कांहीं जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. मूल पाळण्यांत असतांनाच त्याच्यावर शिक्का बसला. १९११ च्या नव्या कायद्यानें ही पकड मुंबई इलाख्यांतहि घट्ट झाली. त्यानंतर कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, टकारी अशा जमातींच्या लोकांना तारेच्या कुंपणांत वसविण्यांत आलें. सोलापुरांत अशी मोठी वसाहत झाली, कारण येथील गिरण्यांना मजूर हवे होते. हजेरीला उभें राहावयाचें, बाहेर जावयाचें तर परवाना घ्यावयाचा, आणि भोंगा झाला कीं गिरणींत जावयाचें, असा तेथील क्रम. ह्या वसाहतीची व्यवस्था कांहीं काळ अमेरिकन मराठी मिशनकडे सोंपविलेली होती. हीच आमची सेटलमेंट.

येथें न्यायानें बोललें पाहिजे. कुंपणाच्या आंत शाळा होती, औषध होतें, काम होतें. पोलिसांच्या छळापेक्षां मिशनच्या माणसांचें वागणें पुष्कळांना बरें वाटलें असेल. त्या माणसांपैकीं अनेकांचा हेतु निर्मळ होता, ह्याविषयीं मला शंका नाहीं. परंतु तारेच्या आंतल्या माणसाचा शेजारी होतां येतें काय? ज्याच्या हातीं हजेरीची वही आहे, त्याच्यापुढें दुसरा माणूस मोकळेपणानें हंसूंहि शकत नाहीं, मग भांडणें तर दूरच. आणि भांडतां येणें हा तर शेजारधर्माचा पहिला हक्क! मिशन तेंच, धर्मग्रंथ तोच. नागपाड्याच्या घराला मात्र दार होतें आणि सोलापूरच्या वसाहतीला कुंपण. पहिल्या ठिकाणीं सेवक वस्तींत राहावयास गेला. दुसऱ्या ठिकाणीं वस्ती उचलून त्याच्या स्वाधीन केली गेली.

ज्यांची वागणूक चांगली ठरे, त्यांना कुंपणाबाहेर राहूं देत, आणि त्या भागाला ‘फ्री कॉलनी’ म्हणत. तें नांव आजहि आमच्या शहरांत आहे. मी शाळेंत असतांना वर्गांत पत्ता विचारला, कीं त्या भागांतलीं कांहीं मुलें खालीं पाहून, पुटपुटत उत्तर देत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा देशभर रद्द झाला, आणि त्या जमाती विमुक्त म्हणविल्या गेल्या. परंतु शिक्का पुसावयास कायदा पुरत नाहीं. त्याला शेजारीच लागतात.

आतां एक कठीण प्रश्न टाळतां यावयाचा नाहीं. सेवा ही धर्मांतराचें आमिष असते, अशी शंका आपल्या समाजांत फार जुनी आहे. सेवेंत धर्मांतराचा हेतु मिसळला कीं तिची शुद्धता जाते, असें महात्मा गांधींनीं अनेकवार बजावलें. नवल असें कीं, मिशनऱ्यांविषयींचे गांधीजींचे हे लेख निवडून १९४९ सालीं शिकागोहून ‘द महात्मा अँड द मिशनरी’ ह्या नांवानें पुस्तकरूपानें प्रसिद्ध करणारे संपादक होते क्लिफर्ड मॅन्शार्टच! आपल्यावरील टीका आपणच लोकांपुढें ठेवण्यास मोठें मन लागतें. मराठी ख्रिस्ती समाजांतहि हा विचार जागा होता. नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखाच खुला होता.

ख्रिस्ती धर्मांत शेजाऱ्याविषयीं एक प्रसिद्ध दृष्टांत आहे. वाटेंत लुटून घायाळ केलेल्या प्रवाशाजवळून धर्माधिकारी निघून जातात, आणि ज्याला हलका मानीत तो परजातीचा मनुष्य मात्र थांबून त्याची शुश्रूषा करतो. त्याचें मर्म असें कीं, शेजारी म्हणजे जवळ राहणारा एवढेंच नव्हे, तर जवळ जाणारा. ह्या कसोटीला लावून पाहिलें म्हणजे नागपाड्याचें घर मिशन कां होतें तें समजतें. उलट, कुंपणाच्या आंत चाललेल्या शाळा-दवाखान्यांनींहि कशाची उणीव भरून निघाली नाहीं, हेंहि समजतें.

आणि ही कसोटी केवळ ख्रिस्ती माणसाला लागते असें नाहीं. आपल्या सोलापुरांत काय, पुण्यामुंबईंत काय, आतां नव्या सोसायट्या उठतात त्यांना उंच भिंत असते, फाटक असतें, आणि फाटकाशीं एक वही असते. धुणेंभांडीं करणारी बाई, दूधवाला, गवंडी ह्यांचीं नांवें व वेळा त्या वहींत रोज उतरतात. तुमचें-माझें नांव कधीं उतरत नाहीं. सुरक्षिततेसाठीं वही ठेवावी लागते, हें मला मान्य आहे. परंतु त्या वहींत ज्या बाईचें नांव रोज लिहिलें जातें, ती राहते कोठें, तिच्या गल्लींत पाणी किती दिवसांआड येतें, तिचा मुलगा कितव्या इयत्तेंत आहे, हें आपल्यापैकीं किती जणांना सांगतां येईल? ज्याला सांगतां येत नसेल त्यानें ह्या रविवारीं तिला तें विचारावें, आणि तिनें बोलावलें तर तिच्या घरीं चहाला जावें.