ऑक्टोपसविना ताकोयाकी

अकोल्याच्या एका वाचक ताईंनी विचारलंय : मुलं ताकोयाकी या जपानी गोळ्यांसाठी हटून बसली आहेत, आप्पेपात्र घरात आहे, पण वऱ्हाडात ऑक्टोपस आणायचा कुठून?

ताई, आणूच नका. ओसाकाचे तोमेकिची एंदो हे गोळे आधी गोमांस घालून विकत. अकाशीला ऑक्टोपस घालतात, असं एका गिऱ्हाइकाने सांगितलं आणि १९३५ मध्ये त्यांनी आतला तुकडा बदलला. ऑक्टोपस आला तो असा, मागाहून. वरचा सॉस तर त्याच्याही नंतरचा. मूळ चव पिठात होती आणि पिठात ती 'दाशी'मधून आली होती. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी हा वाळवून टणक केलेला मासा, या दोहोंचा अर्क म्हणजे दाशी.

कोंबूतल्या चवीचं मूळ ग्लुटामेटमध्ये आहे, हे किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधलं. त्यांचं नाव सगळीकडे येतं, यायलाच हवं. पण दाशीतला मासा कुणी उलगडला? इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये त्यातलं इनोसिनेट ओळखलं. माझ्या मते दाशीचं निम्मं श्रेय कोदामांचं आहे आणि ते त्यांना अजून मिळालेलं नाही. पुढे १९५७ मध्ये यामासा या सोया सॉसच्या कंपनीतल्या अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटची चव ओळखली; वाळवलेल्या शिताके अळिंबीत ते भरपूर असतं. ही द्रव्यं ग्लुटामेटबरोबर आली की चव नुसती वाढत नाही, कित्येक पट होते, हेही त्यांनीच दाखवलं. जिभेवरच्या ग्राही प्रथिनाच्या दोन पाकळ्या ग्लुटामेट बसताच मिटतात आणि इनोसिनेट किंवा ग्वानिलेट त्यांना मिटलेलंच धरून ठेवतं. ग्लुटामेट दार लोटतं, दुसरं कडी लावतं! नुसती अजिनोमोटोची पुडी ओतून ही चव साधत नाही ती त्यामुळेच.

आता वऱ्हाडी दाशी. ग्लुटामेट लालबुंद पिकलेल्या टमाट्यात आहे. ग्वानिलेटसाठी वाळलेली धिंगरी घ्या. शिताकेइतकं नसलं तरी तिच्यातही ते असतं. धिंगरी रात्रभर गार पाण्यात भिजू द्या आणि सकाळी त्याच पाण्यात टमाटे घालून उकळा. पेशीतल्या आरएनएपासून ग्वानिलेट बनवणारी विकरं पाणी तापताना कामाला लागतात, म्हणून थेट उकळतं पाणी ओतू नका. अर्क गाळून गार करा. धिंगरीचे चिवट देठ टाकू नका, ऑक्टोपसच्या जागी तेच घालायचे.

शंभर ग्रॅम मैदा, दोन अंडी, साडेचारशे मिलिलीटर अर्क, मीठ. पीठ ताकासारखं पातळ दिसेल. घाबरून मैदा वाढवू नका. आप्प्याचं पीठ आंबून किंवा सोड्याने फुगतं. इथे फुगवणारं काहीच नाही, गोल आकार येतो तो उलटण्याच्या पद्धतीने. बिडाचं पात्र चांगलं तापवा, सढळ तेल लावा आणि पीठ खळग्यांबाहेर सांडेल इतकं ओता. त्यात देठ, आलं, बारीक चिरलेला सांभार आणि थोडी खारी बुंदी टाका. जपानी लोक तळलेल्या पिठाचा चुरा घालतात, त्याचं काम बुंदी चोख करते.

तळ धरला की भोवती सांडलेलं पीठ सळईने कापून आत लोटा आणि गोळा पाव वळसाच फिरवा. आतलं पातळ पीठ ओघळून रिकाम्या खळग्यात उतरतं आणि तिथे नवी भिंत धरते. मग आणखी पाव वळसा. एकदम पालथं घातलंत तर चपटा आप्पाच होईल. गोळा मिटला की फिरवत राहा : बाहेरचं पाणी उडून साल तांबूस होते, आत पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही आणि गाभा खिरीसारखा मऊ राहतो.

तेवढ्याच घनफळाच्या कुठल्याही आकारापेक्षा गोलाचा पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे तो निवतोही सावकाश. वरून गार लागला तरी आत चटका असतो. मुलांच्या ताटात वाढताना सळईने फोडूनच द्या.