घरगुती गॅरेजसाठी ऑनलाइन स्वस्त अवजारे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुचाकीची चेन ताणणे, इंजिन ऑइल बदलणे, स्पार्क प्लग काढून साफ करणे, कारचे चाक बदलणे ही कामे घरी करता येतात आणि त्यासाठीची अवजारे ऑनलाइन स्वस्तात मिळतात. अडचण एवढीच, की ती हातात घेऊन पाहता येत नाहीत. पान्याचे वजन, जबड्याची कड, रॅचेट फिरवताना दात्यांचा येणारा आवाज यांवरून जाणकार मेकॅनिक जे ओळखतो, ते फोटोत दिसत नाही. त्याच्या जागी आकडे येतात : सवलतीचे टक्के, नगांची संख्या, व्होल्ट, तारे. यांतला प्रत्येक आकडा काही ना काही मोजतो. पण खरेदीदाराला जे हवे असते ते क्वचितच मोजतो. या खरेदीतले बहुतेक गैरसमज इथूनच निघतात.

पहिला गैरसमज सवलतीचा. ‘८० टक्के सूट’ हा आकडा एमआरपीवरून काढलेला असतो आणि एमआरपी उत्पादक किंवा आयातदार स्वतःच छापतो. तिच्यापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, एवढेच कायदा बघतो. ती बाजारभावाच्या जवळ असेलच असे नाही. त्यामुळे सूट किती यावरून वस्तू स्वस्त की महाग हे ठरत नाही. तुलना करायची ती त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेल क्रमांकाच्या वस्तूच्या दुकानातील भावाशी. मुंबईची नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यातील नाना पेठ इथे फोनवर भाव विचारला तरी पुष्कळदा उलगडा होतो. जड वस्तूंवर पोचवण्याचा खर्च धरला तर दुकानच परवडते, आणि दुकानात एकच सुटा पाना घेता येतो हा फायदा वेगळाच. ‘ऑफर संपायला दहा मिनिटे उरली’ असे दाखवणारे घड्याळ खोटे असेल, तर ती अनुचित प्रथा ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादीच जाहीर केली, आणि तिच्यात खोटी घाई निर्माण करणे आहे.

याच्या उलटचा समज, म्हणजे स्वस्त ते टाकाऊ, हाही तितकाच चुकीचा आहे. हातअवजारे बनवण्यात भारत जुना आणि मुरलेला देश आहे. नाशिकची तपारिया कंपनी आणि जालंधर, लुधियाना इथले अनेक कारखाने वर्षानुवर्षे पाने, पक्कड, हातोडे बनवतात आणि त्यांचा बराच माल परदेशात जातो. साधा रिंग पाना, पक्कड, एलन की यांसाठी परदेशी नावाचे तिप्पट पैसे मोजण्याची घरगुती कामात गरज पडत नाही. जपून खरेदी करायची ती वेगळ्या अवजारांची, आणि ती कोणती हे पुढे येते.

नगांच्या संख्येने होणारी फसगत सर्वांत सार्वत्रिक आहे. ‘४६ नगांचा गोटी (सॉकेट) सेट’ अत्यंत स्वस्त मिळतो आणि दिसतो भरगच्च. तो पाव इंच चौकोनाचा, म्हणजे सर्वांत लहान ड्राइव्हचा असतो. त्यातल्या गोट्या साधारण ४ ते १४ मिलिमीटरच्या असतात. बाकीचे नग म्हणजे स्क्रूड्रायव्हरचे बिट, एलन की, एक्स्टेन्शन आणि मुठी. दुचाकीच्या मागच्या अ‍ॅक्सलचा नट मोठ्या मापाचा असतो, कारच्या चाकाचे नट बहुधा १९ किंवा २१ मिलिमीटरचे. त्या मापाची गोटी या डबीत नसतेच, आणि अडॅप्टर लावून ती बसवली तरी एवढा जोर पाव इंची रॅचेटला सोसत नाही. साइड पॅनेल, हेडलाइटचे हाउसिंग, कारचा डॅशबोर्ड यांसाठी मात्र हाच सेट उत्तम आहे. सेट वाईट नाही. चाक खोलण्यासाठी तो घेणे चूक आहे. त्या कामाला अर्धा इंची ड्राइव्हचा लांब दांडा आणि एकच योग्य गोटी पुरते.

मापांची निवड गाडीवर अवलंबून असते. जपानी परंपरेत ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचे डोके १२चे आणि १० व्यासाच्या बोल्टचे १४चे असते. युरोपीय परंपरेत तेच अनुक्रमे १३ आणि १६ किंवा १७ असते. म्हणून होंडा, यामाहा, सुझुकी, मारुती या गाड्यांवर १०, १२, १४, १७ हे पाने सतत लागतात, तर स्कोडा किंवा फोक्सवॅगनवर १३ वाचून काम अडते. आपल्या गाडीला लागणारे सहा-सात पाने चांगल्या प्रतीचे घेतले, तर ते शंभर नगांच्या पेटीपेक्षा जास्त कामे उरकतात.

अवजारावर कोरलेले ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे शब्द दर्जाची हमी मानले जातात. प्रत्यक्षात ते पोलादाच्या एका कुळाचे नाव आहे. पान्याची ताकद त्याला दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेवर ठरते : तापवून विझवणे आणि पुन्हा ठरावीक तापमानाला आणणे. ही प्रक्रिया नीट झाली नाही, तर तेच पोलाद मऊ राहून जबडा फाकतो किंवा ठिसूळ होऊन तडकतो. शिक्का चांगल्या-वाईट दोन्ही पान्यांवर सारखाच असतो. चकाकीचाही या मिश्रधातूशी संबंध नाही. तो वरून चढवलेला क्रोमचा मुलामा असतो. फोटोवरून तपासता येण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. गोटीच्या आत सहा कोपरे आहेत की बारा, हे पाहावे. सहा कोपऱ्यांची गोटी बोल्टच्या सपाट बाजूंना धरते, त्यामुळे गंजलेल्या किंवा थोड्या झिजलेल्या बोल्टचे डोके गोल होण्याचा धोका कमी राहतो. बारा कोपऱ्यांची गोटी अडचणीच्या जागी लवकर बसते, पण तिची पकड कोपऱ्यांपाशीच असते. धक्के देऊन नट फिरवणाऱ्या इम्पॅक्ट रेंचवर चकचकीत गोटी लावणे तर सरळ धोकादायक आहे. त्या धक्क्यांनी ती फुटून तुकडे उडू शकतात. तिथे क्रोम मॉलिब्डेनमची, जाड भिंतीची काळी गोटीच वापरायची.

चौफुलीच्या स्क्रूबाबतचा गैरसमज जुना आणि महागात पडणारा आहे. सगळे चौफुली स्क्रू ‘फिलिप्स’ असतात असे गृहीत धरले जाते. जपानी बनावटीच्या अनेक दुचाकींवर, विशेषतः जुन्या मॉडेलांच्या इंजिन कव्हरवर, जेआयएस या जपानी मानकाचे स्क्रू असतात. त्यांच्या डोक्यावर बहुधा एक लहानसा ठिपका असतो. फिलिप्सचे टोक त्यांत खोलवर बसत नाही, जोर लावताच वर सरकते आणि खाच खरवडते. मग स्क्रू ड्रिलने काढावा लागतो. जेआयएस टोकाचा एक चांगला स्क्रूड्रायव्हर ऑनलाइन सहज मिळतो. शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात तो क्वचितच असतो. ऑनलाइन खरेदीचा खरा लाभ अशा वस्तूंत आहे.

टॉर्क पाना ‘वर्कशॉपवाल्यांचा’ समजला जातो, आणि घेतलाच तर मोठा घ्यावा म्हणजे सगळीकडे चालेल असेही मानले जाते. घरगुती दुरुस्तीत होणारे एक नेहमीचे नुकसान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनचे आटे जाणे, आणि ते बोल्ट प्रमाणाबाहेर आवळल्याने होते. त्यामुळे या पान्याची गरज नवशिक्याला जास्त असते, कारण हाताला अंदाज आलेला नसतो. माप मात्र कामाप्रमाणे हवे. क्लिक होणाऱ्या टॉर्क पान्यांसाठीचे आयएसओ ६७८९ हे मानक १० न्यूटन-मीटरच्या वरच्या पान्यांना अधिक-उणे ४ टक्के चूक चालवून घेते, पण ती अचूकता कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांपासून पुढेच मोजली जाते. २१० न्यूटन-मीटरचा अर्धा इंची पाना ४२च्या खाली भरवशाचा राहत नाही. कारच्या चाकांच्या नटांना साधारण १०० न्यूटन-मीटर लागतात, तिथे तो योग्य. दुचाकीचा ऑइल ड्रेन बोल्ट अनेकदा २० ते ३०च्या आसपास असतो, त्याला लहान पाना हवा. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. काम झाल्यावर पाना सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणलेली राहून माप बिघडते.

विजेच्या अवजारांत आकड्यांचा फुगवटा सर्वांत जास्त आहे. स्वस्त कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंचवर ‘८८ व्हीएफ’, ‘३८८ व्हीएफ’ असे ठळक छापलेले असते. व्हीएफ हे विजेचे एकक नाही, आणि तो आकडा व्होल्टचा नाही. अशा बॅटरीत बहुधा पाच लिथियम सेल एकामागोमाग जोडलेले असतात. प्रत्येक सेल ३.६ व्होल्टचा, म्हणजे एकूण १८ व्होल्ट; पूर्ण भारित असताना २१. नामांकित कंपन्यांचे ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ हेही याच रचनेचे असतात, त्यामुळे २० वाला जास्त ताकदीचा हा समजही चूक. क्षमतेचा हिशेब घरीच करता येतो. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा जो नेहमीचा सेल वापरतात, त्यात साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांपेक्षा जास्त मावत नाही. पाच सेलांच्या पॅकची क्षमता तेवढीच, दहा सेलांच्या पॅकची जास्तीत जास्त ७०००. हातात मावणाऱ्या पॅकवर १५००० लिहिले असेल, तर तो आकडा खोटा आहे आणि त्याच डबीवरच्या टॉर्कच्या आकड्यावरही विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून अवजारे मागवणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. तिथल्या सेटमध्ये इंची मापे असतात, ती आजच्या भारतीय गाड्यांना लागत नाहीत. शिवाय तिथली वीज १२० व्होल्टची असल्याने चार्जर २३० व्होल्टवर चालतो का, हे त्याच्या लेबलवर वाचावे लागते.

कारमधील दोष वाचणारे छोटे ब्लूटूथ ओबीडी यंत्र काहीशे रुपयांत मिळते आणि ‘सर्व बिघाड शोधते’ असे त्याचे वर्णन असते. यांतील बहुतेक यंत्रे कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्सच्या ईएलएम३२७ या चिपच्या नकला आहेत. पुष्कळांवर ‘आवृत्ती १.५’ लिहिलेले असते. मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तरीही इंजिनाचे साधे कोड वाचायला नक्कल अनेकदा चालते. एबीएस आणि एअरबॅगचे कोड सहसा तिच्या आवाक्याबाहेर असतात, आणि दुचाकीला वेगळ्या आकाराची जोडणी लागू शकते. मोठा गैरसमज कोडच्या अर्थाबद्दल आहे. कोड भाग बदलायला सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०४२० हा कोड आला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला असे धरले जाते. पण खराब ऑक्सिजन सेन्सर किंवा गळका एक्झॉस्टही तोच कोड आणू शकतो. कोड पुसून टाकल्याने डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा विझतो, दोष तसाच राहतो.

आता ज्या अवजारात स्वस्ताई शोधूच नये, त्याविषयी. जॅकवर ‘२ टन’ लिहिले आहे आणि गाडी एक टनाची आहे, म्हणजे खाली झोपायला हरकत नाही, हा समज जीवघेणा आहे. तो आकडा उचलण्याचा आहे, धरून ठेवण्याचा नाही. हायड्रॉलिक जॅकचे सील गळू शकते, झडप सुटू शकते, जमीन उतरती असेल तर तो कलंडू शकतो. गाडीखाली जायचे असेल तर सपाट, कडक जमिनीवर तिचा भार स्टँडवर, म्हणजे घोडीवर, टेकवल्याशिवाय जाऊ नये. विटा किंवा दगड हा पर्याय नाही. वीट भाराखाली अचानक फुटते. घोडीही निवडून घ्यावी लागते. अमेरिकेत हार्बर फ्रेट या स्वस्त अवजारांच्या साखळीने २०२० साली आपल्या ३ आणि ६ टनी घोड्या लाखोंच्या संख्येने परत मागवल्या, कारण भाराखाली खटका दात्यातून निसटू शकत होता. बदली दिलेल्या ३ टनी घोड्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला. खटक्याशिवाय आडवी सुरक्षा पिन असलेली घोडी घेणे म्हणूनच शहाणपणाचे. जॅकची किमान उंचीही पाहावी : टायर बसल्यावर कार इतकी खाली येते, की बाटली जॅक तिच्याखाली शिरतच नाही.

तारे आणि अभिप्राय यांच्यावर निर्णय सोडणे सोपे वाटते. पण पुष्कळदा एकाच पानावर वेगवेगळे नग एकत्र दाखवले जातात आणि त्यांचे अभिप्रायही एकत्र होतात. स्क्रूड्रायव्हरला मिळालेले तारे टॉर्क पान्याखाली दिसतात. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली आयएस १९००० हे मानक काढले, पण ते पाळणे ऐच्छिक ठेवण्यात आले. सरासरीपेक्षा काही महिने वापरून लिहिलेले, फोटो जोडलेले दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय अधिक सांगून जातात.

‘आवडले नाही तर परत करू’ हा भरवसाही तपासून घ्यावा. अनेक अवजारांवर पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदली मिळते, आणि तीही मोजक्या दिवसांत. दोष तर जोर लावल्यावरच दिसतो. म्हणून आल्या आल्या चाचणी घ्यावी : जॅकवर गाडी उचलून, खाली कोणी नसताना, अर्धा तास ठेवून ती खाली बसते का पाहावे, रॅचेट दोन्ही दिशांना जोर देऊन फिरवावे, गोट्या गाडीच्या बोल्टवर प्रत्यक्ष बसवून पाहाव्यात.

ऑनलाइन घेतलेल्या मालाला दाद मागता येत नाही, हा शेवटचा समज. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि वस्तूचा मूळ देश ही माहिती खरेदीदाराला मिळायला हवी. ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात जाण्याची मुभा दिली आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क पडत नाही. बिल, वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि खोक्यावरचे लेबल एवढे मात्र जपून ठेवावे लागते.