भाड्याच्या मोटारीचा अपघात व भरपाईची जबाबदारी

मोटारगाडी ही जितकी सोयीची, तितकीच जोखमीची वस्तु आहे. हल्लीं आपल्या शहरांतून मोबाइलवर बोट ठेवतांच गाडी दाराशीं येऊन उभी राहते. गाडी एकाची, चालक पुष्कळदां दुसराच, आणि त्यांची उतारूशीं गांठ घालून देणारी कंपनी तिसरी. सर्व सुरळीत असतां या तिघांचा विचार कोणी करीत नाहीं. परंतु अपघात झाला म्हणजे जखमी माणसाच्या औषधपाण्याचा व बुडालेल्या मिळकतीचा भार कोणीं सोसावा, हा प्रश्न उभा राहतो. आमचे पुष्कळ विद्यार्थी व त्यांचे पालक अशा गाड्यांतून ये-जा करीत असल्यामुळें या विषयाची थोडी माहिती देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विमा हा एक करार आहे. गाडीचा मालक ठराविक रक्कम भरतो, आणि त्या गाडीनें कोणास इजा झाल्यास भरपाईचा भार विमा कंपनी उचलते. विमा घेणारा हा पहिला पक्ष, कंपनी दुसरा, व इजा झालेला मनुष्य तिसरा. म्हणून यास तिऱ्हाइताचा, अर्थात् थर्ड पार्टी विमा म्हणतात. मात्र करारांत गाडीचा जो उपयोग नमूद असेल, तेवढ्यापुरतेंच कंपनीचें वचन असतें. सर्व घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

हा घोटाळा अमेरिकेंत एका दुःखद प्रसंगानें उघडकीस आला. ता. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं सॅन फ्रान्सिस्को शहरांत सहा वर्षांची एक मुलगी आई व भाऊ यांच्याबरोबर रस्ता ओलांडीत असतां मोटारीखालीं सांपडून मरण पावली. चालक उबेर कंपनीचें काम करणारा होता. पण त्या क्षणीं गाडींत उतारू नव्हता, तो पुढील गिऱ्हाइकाची वाट पाहत होता. त्या वेळीं तो आमचें काम करीत नव्हता, अशी कंपनीची भूमिका होती. आणि खासगी मोटारीचा विमा तर भाड्याच्या धंद्यास सहसा लागू पडत नाहीं. दोन छपरांच्या मधल्या फटींत उभ्या असलेल्या माणसानें भिजावें, तशी ही स्थिति झाली. पुढें कॅलिफोर्निया राज्यानें २०१४ सालीं कायदा करून ही फट बुजविली. तो ता. १ जुलै २०१५ पासून अमलांत आला. चालक गिऱ्हाइकाची वाट पाहत असतां प्रत्येक जखमी माणसामागें निदान ५० हजार व एका अपघातामागें निदान १ लक्ष डॉलरांचा, आणि फेरी स्वीकारल्यापासून उतारू उतरेपर्यंत १० लक्ष डॉलरांचा विमा असलाच पाहिजे, असें त्यानें ठरविलें.

आपल्या देशांत कायद्याची मांडणी निराळी आहे. येथें तिऱ्हाइताचा विमा चालकाच्या मागें न जातां गाडीच्या मागें जातो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें असा विमा उतरविल्यावांचून गाडी रस्त्यावर आणणें हा गुन्हा आहे. गाडी भाड्याच्या परवान्याची असेल तर पादचाऱ्याप्रमाणेंच आंतील उतारूही या विम्याच्या छायेंत येतो. गाडींत उतारू होता कीं नव्हता, यावर पादचाऱ्याचा हक्क अवलंबून राहत नाहीं, हें आपल्या कायद्याचें मोठें इष्ट अंग होय. २०१९ च्या दुरुस्तीनें मध्यस्थ कंपन्यांसही कायद्यांत स्थान मिळालें व परवाना घेणें त्यांस भाग पडलें. तथापि आपण केवळ मध्यस्थ आहों, चालक आपला नोकर नव्हे, असें या कंपन्या म्हणत आल्या आहेत. म्हणून जखमी माणसाचा मुख्य आधार गाडीचा विमा हाच समजावा.

खरी अडचण खासगी गाडी भाड्यानें चालविली असतां उत्पन्न होते. पांढऱ्या पाटीवर काळीं अक्षरें असलेली गाडी खासगी, व पिवळ्या पाटीवर काळीं अक्षरें असलेली भाड्याची. विजेच्या गाड्यांची पाटी हिरवी असते. तींत पांढरीं अक्षरें खासगी गाडीचीं व पिवळीं भाड्याच्या गाडीचीं. खासगी गाडीनें भाडें घेतलें असल्यास, अटीचा भंग झाला म्हणून विमा कंपनी हात आंखडते. अशा कित्येक खटल्यांत, कंपनीनें प्रथम जखमीस पैसे द्यावे व मागाहून मालकाकडून वसूल करावे, असा हुकूम न्यायालयांनीं केलेला आहे; परंतु तो प्रत्येक वेळीं मिळेलच असें नाहीं. मिळाला तरी त्या वसुलीखालीं गरीब मालकाचें घरदार जाण्याचा प्रसंग येतो. चार पैशांच्या लोभाचें हें मोल फारच जबर होय.

आणखी एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी. कधीं कधीं चालक म्हणतो, "फेरी रद्द करा व पैसे रोख द्या." हें ऐकूं नये. फेरी रद्द होतांच प्रवासाची नोंद संपते, आणि कंपनीनें उतारूंसाठीं निराळा विमा उतरविला असल्यास त्यावर हक्क सांगण्याचा पुरावा आपण आपल्या हातानें पुसून टाकतों.

अपघात झालाच तर प्रथम ११२ या क्रमांकावर कळवून जखमीस रुग्णालयांत पोंचवावें. सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर कायदा कोणतीही जबाबदारी टाकीत नाहीं. म्हणून भिऊन दूर उभें राहण्याचें कारण नाहीं. नंतर गाडीचा क्रमांक, फेरीची नोंद व छायाचित्रें जपून ठेवावीं; पोलिसांत खबर द्यावी; रस्त्यावरच तडजोड करूं नये. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. तो आपण राहतों तेथील न्यायाधिकरणाकडेही करतां येतो. त्यासाठीं सहा महिन्यांची मुदत कायद्यांत सांगितली आहे. चूक कोणाची हें सिद्ध न करितांही मृत्यूबद्दल ५ लक्ष व जबर दुखापतीबद्दल अडीच लक्ष रुपये मागतां येतात. अधिक हवे असल्यास मात्र चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

गेलेला जीव कोणत्याही रकमेनें परत येत नाहीं. परंतु घरांतील कर्ता पुरुष वा कर्ती स्त्री अंथरुणास खिळली असतां मुलांचें शिक्षण थांबूं नये, एवढें सामर्थ्य त्या रकमेंत खचित आहे. म्हणून आमची विद्यार्थ्यांस सूचना अशी कीं, गाडींत पाय ठेवण्यापूर्वीं तिची पाटी पाहावी, क्रमांक मोबाइलवरील क्रमांकाशीं ताडून घ्यावा, आणि उतरेपर्यंत फेरीची नोंद चालू ठेवावी. या तीन गोष्टींस अर्धा मिनिटही लागत नाहीं. आणि संकटसमयीं त्याच आपल्या बाजूनें साक्ष देतात.