सिएनाचा चौक, वेबकॅममधून

इटलीतील सिएना शहरात दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला ‘पालिओ’ ही घोड्यांची शर्यत होते. शहराच्या १७ मोहल्ल्यांपैकी प्रत्येक वेळी दहाच मोहल्ल्यांचे घोडे धावतात. शिंपल्याच्या आकाराच्या उतरत्या चौकाला तीन फेऱ्या मारायच्या. सगळा खेळ दीड मिनिटाच्या आसपास आटोपतो. या चौकाकडे रोखलेल्या वेबकॅममधून उत्सवाचे जे रूप दिसते, ते टीव्हीवर सहसा दिसत नाही.

शर्यतीच्या काही दिवस आधी चौकाच्या कडेच्या दगडी फरशीवर पिवळसर माती अंथरली जाते. पाणी मारून, दाबून ती घट्ट केली जाते. सान मार्तिनोच्या अवघड वळणावर गाद्यांचे कुंपण उभे राहते. उतारावर तिथेच घोडे घसरतात. मग सकाळ-संध्याकाळ मिळून सहा सराव-शर्यती होतात. स्वार खोगिराविना बसतात. मुख्य शर्यतीत स्वार पडला तरी एकटा पुढे आलेला घोडाही जिंकतो, हा नियम पाहणाऱ्याला माहीत असलेला बरा.

वेबकॅम एका जागी स्थिर असतो. समालोचन नसते, अनेकदा आवाजही नसतो आणि चित्र काही सेकंद उशिरा पोहोचते. त्यामुळे खुद्द शर्यतीसाठी टीव्हीच सोयीचा. तयारी पाहायला मात्र वेबकॅमसारखे साधन नाही. उन्हाळ्यात इटलीचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते, म्हणून तिथली संध्याकाळ इथे रात्री उशिरा पाहावी लागते.