आजोळचा बाळंतविडा

तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या छातीपेक्षा मोठं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 33 ते 35 सेंटिमीटर, आणि छाती त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी. मान तर जवळजवळ दिसतच नाही. मोठ्यांच्या कपड्यांचं सगळं गणित छातीच्या मापावर चालतं, ते इथे कोलमडतं. छातीला नीट बसणारं कापड डोक्यातून जात नाही आणि डोक्यातून जाणारं अंगावर ढगळ होऊन खांद्यावरून उतरतं. यावर आपल्याकडच्या बायकांनी काढलेली तोड म्हणजे झबलं. पुढून किंवा मागून अख्खं उघडं. डोक्यातून घालायचंच नाही; एक हात सरकवायचा, दुसरा सरकवायचा आणि बंद बांधायचे. बटण नाही, हूक नाही, चेन तर नाहीच.

शिवणक्लासात पहिला धडा झबल्याचा असतो. कापड थोडं लागतं आणि बिघडलं तरी हळहळ नको, हे त्यामागचं कारण. मला हा क्रम कधीच पटला नाही. ब्लाउज चुकला तर बाई बोलते, शिंप्याशी भांडते. झबल्याची शिवण टोचली तर बाळ फक्त रडतं, आणि घरातली माणसं त्याला गुटी द्यायची का यावर चर्चा करत बसतात.

यंदा आमच्या घरी बाळंतविडा करायचं निघालं ते भाचीसाठी, म्हणजे वन्संच्या मुलीसाठी. तिला सातवा लागला आणि सासूबाईंनी कपाटातून मामंजींची दोन धोतरं काढली. मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली. धोतरं मात्र दर दिवाळीला धुऊन, घडी घालून परत आत जायची. कशाला ठेवलीत, असं विचारायची आमची कुणाची छाती नव्हती. त्यांनी एक धोतर उजेडात धरलं, पलीकडची खिडकी त्यातून दिसली, आणि त्या म्हणाल्या, "हे झबल्याला. ते दुसरं जरा दमाचं आहे, त्याचे लंगोट कर."

जन्माआधी नवं कापड शिवायचं नाही, बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लावायचं, हा रिवाज अजून बऱ्याच घरांत पाळतात. सासूबाईंच्या मते नवं कापड टोचतं आणि शिवाय दृष्ट लागते. दृष्टीचं मला ठाऊक नाही, पण पहिल्या भागात तथ्य आहे. नव्या कापडात खळ असते, ते पाणी नीट पीत नाही, रंग सोडतं. शेकडो धुण्यांतून गेलेल्या सुती कापडातलं जे काही निघायचं ते निघून गेलेलं असतं. सूत पिंजल्यासारखं मऊ होतं, ओल पटकन टिपतं, आणि पटकन वाळतं. पावसाळ्यात बाळंतीण घरात असली की हा शेवटचा गुण किती मोलाचा, ते दोरीवरची लंगोटांची रांग पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

जुन्या मलमलीशी मशीनचं मात्र जमत नाही. आमचं उषाचं पायमशीन सासूबाईंनी लग्नानंतर हप्त्यांवर घेतलेलं. त्यावर जीन्सचे पाय आखूड होतात, पिशव्या शिवून होतात, पण विरलेलं धोतर सुईखाली गेलं की ते आत ओढलं जातं, टीप गोळा होते आणि कापडाला सुरकुत्या पडतात. सुई बदलावी लागते. एरवीची सोळा नंबरची काढून अकराची घालायची. वरच्या दोऱ्याचा ताण सैल करायचा. एवढ्यानंही भागलं नाही तर कापडाखाली कागदाची पट्टी ठेवून दोन्हींवरून टीप मारायची आणि मग कागद फाडून काढायचा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. आमच्याकडे मुलाच्या गेल्या वर्षीच्या गणिताच्या वह्यांतली कोरी पानं कामी आली. टिपेच्या भोकांवरून कागद तिकिटासारखा सहज फाटतो. मुलाला हे काम इतकं आवडलं की मधेच येऊन तो "फाडायला काही आहे का?" असं विचारायला लागला.

झबल्याला खांद्याची शिवण नसते. कापड चारपदरी दुमडून गळा आणि बगल कापली की खांदे घडीवरच येतात. राहिल्या बगलेखालच्या दोन शिवणी. त्यांची गोम अशी की कापडाची कापलेली कड बाळाच्या कातडीला लागता कामा नये. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून तिथेच दुमडून दाबली की आतून सगळं सपाट. वरून थोडं ओबडधोबड दिसतं. दुकानातल्या झबल्यात याच्या बरोब्बर उलट असतं: वरून देखणं, आतून ओव्हरलॉकचा काचणारा नायलॉन दोरा. झबलं घेताना ते उलटं करून आतून बोट फिरवून पाहणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलं नाही.

या कामाची खरी सोय त्याच्या आकारात आहे. मी नोकरी करते. सलग तीन तास मशीनवर बसणं रविवारीही नशिबात नसतं. पण झबल्याची एक बाजू कुकरच्या तीन शिट्ट्यांत शिवून होते. बंदाची पट्टी उलटवायची तर ती फोनवर बोलता बोलता. लंगोटाची कड दुमडून हातानं टाके घालायचे तर मालिका बघता बघता. मशीनवर आम्ही एरवी इस्त्रीचे कपडे, लाइटची बिलं आणि कुणाचा तरी चष्मा ठेवतो, तो ढिगारा उचलून पलंगावर टाकायला जेवढा वेळ लागायचा तेवढा प्रत्यक्ष शिवायला लागत नव्हता. घरच्या बाईच्या दिवसाचे तुकडे पडलेले असतात आणि बाळंतविड्याचे कपडे त्या तुकड्यांच्याच मापाचे आहेत.

लंगोटाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चौकोनी कापड, तिरप्या घडीचा त्रिकोण, कंबरेला बंद. लक्षात ठेवायचं ते एवढंच की नाळ पडायला एक-दोन आठवडे लागतात आणि तोवर लंगोटाची कड बेंबीच्या खाली राहिली पाहिजे, म्हणून पहिले लंगोट थोडे आखूड ठेवायचे. टोपरं सर्वांत आधी लहान होतं, कारण पहिल्या तीन महिन्यांत डोक्याचा घेर महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतो. आत्या, मावशी, काकू अशा तिघी-चौघींनी एकाच मापाची टोपरी आणली की त्यातली निम्मी न घालताच दुसऱ्याच्या घरी जातात.

विणकाम सासूबाईंकडे होतं. त्यांची नजर आता मशीनच्या सुईत दोरा ओवण्याइतकी राहिली नाही, पण विणायला नजर लागत नाही, बोटं लागतात. विणायच्या सुयांचे नंबर उलटे चालतात. आठ नंबरची जाड, बाराची बारीक. मोज्यांना त्यांनी दहाच्या घेतल्या. छत्तीस टाके, वरची पट्टी दोन सुलट दोन उलट, म्हणजे ती घोट्यावर ताणली जाते आणि सोडली की पुन्हा आवळते. मग येते भोकांची ओळ. दोन टाक्यांचा एक करायचा, लगेच दोरा पुढे घ्यायचा. पुन्हा दोनांचा एक, पुन्हा दोरा पुढे. एक टाका कमी होतो तेवढ्यात दोऱ्याचा एक वाढतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी टाके छत्तीसच राहतात आणि मधे अठरा भोकं तयार होतात. त्यांतून लोकरीची पिळलेली दोरी ओवायची, म्हणजे मोजा पायातून निघत नाही. बाळ पाय झाडतंच. दोरी नसलेला मोजा पाळण्याखाली सापडतो.

मी शेजारी बसून हे पाहत होते. त्यांचा उजवा अंगठा न बघता मागचा टाका चाचपत होता. एखादा सैल लागला की तिथेच थांबायच्या. मधेच दूधवाला आला, वन्संचा फोन आला, मुलाचा डबा राहिला म्हणून धावपळ झाली. प्रत्येक वेळी सुई ठेवताना त्या ओळ पुरी करूनच ठेवायच्या. "ओळ अर्धी टाकून उठलं की टाका गळतो," एवढंच म्हणाल्या. फोन वाजत राहिला तरी चालेल.

मी दोन रंगांची नक्षी सुचवली होती, मोज्यावर छोटी गुलाबी फुलं. त्यांनी ठाम नाही म्हटलं. दोन रंगांत विणलं की न वापरलेल्या रंगाचा दोरा आतून मोकळा जातो, आणि त्यात बाळाची बोटं अडकतात. ही नुसती जुन्या माणसांची काळजी नव्हे. मोज्यातला सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस तान्ह्या बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो, रक्त अडतं, बोट सुजून लाल-निळं होतं. बाळ काही केल्या रडायचं थांबत नसेल तर डॉक्टर मोजे काढून प्रत्येक बोट पाहतात, ते याचसाठी. त्यामुळे आमचे मोजे एकरंगी, पिवळे. लोकर म्हणजे अर्थात अ‍ॅक्रिलिक. खरी लोकर या कातडीला खाजते आणि सांगली-मिरजेच्या हवेत तिची गरजही नाही.

दुपटं आम्ही तिघींनी शिवलं, भाचीही येऊन बसली. दोन जुन्या सुती साड्या. पदर वर येईल असा, आतला थर काठ काढून टाकलेला. जमिनीवर थर अंथरले, पाण्याचा हात फिरवून सुरकुत्या काढल्या आणि मधून कडेकडे मोठ्या टाक्यांनी टाचून घेतलं. टाचण मधूनच सुरू करायचं. कडेकडून केलं तर सगळा झोळ मधे जमतो आणि मग तो कुठेच जात नाही. पक्का धावदोरा मात्र कडेनं सुरू होतो आणि चौकोनातून चौकोन घेत आत येतो. भाचीचे टाके लांब पडत होते. "अगं, बाळाची बोटं अडकतील त्यात," आजी म्हणाल्या. "आजी, आधी मला टोचतंय, मामीला सांग ना टोपण द्यायला," असं म्हणत तिनं बोट तोंडात घातलं. शिवणीचं टोपण घरात होतं. ते मुलाच्या कंपासपेटीत निघालं, खोडरबर ठेवायला.

आता कुंची. हिला मात्र नवं कापड चालतं, कारण ती बारशाला लागते. आमच्याकडे ती आजोळहून जाते. कापड खणाचं. बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड हे खणांचं गाव, आणि आमच्या बाजूच्या पेठांत तिथला खण पूर्वीपासून येतो. खणाच्या दोन्ही कडांना काठ असतात, आणि कुंचीची सगळी खुबी त्यातच आहे. खण उभा मधोमध दुमडला की दोन्ही काठ पुढे येतात आणि घडी मागे जाते. वरची कड शिवून टाकली की डोक्याचं टोपडं तयार. कापड कुठेही गोल कापावं लागत नाही. गळ्याच्या उंचीवर बारीक चुण्या घालायच्या, तिथे बंद लावायचे. खालचा भाग पाठीवर आणि खांद्यांवर मोकळा पसरतो. दोन्ही काठ आपोआप बाळाच्या चेहऱ्याच्या दोन बाजूंनी उतरतात. वरच्या टोकाला गोंडा. आतून मलमलीचं अस्तर हवंच, खणाची पाठ खरखरीत असते. ज्या कुणी बाईनं चोळीच्या कापडात पहिल्यांदा ही घडी पाहिली तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. कापडाचा इतका कमी नाश करणारं दुसरं बेतणं मला तरी माहीत नाही.

बारशाच्या दिवशी फोटोपुरती कुंची घालावी, अंगणात नेताना वारं लागू नये म्हणून घालावी. झोपताना ती काढायचीच. गळ्याशी बांधलेले बंद आणि चेहऱ्यावर सरकणारं कापड झोपलेल्या बाळाजवळ असू नये, असं आता बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात, आणि बंद घरात डोकं झाकून ठेवलं की बाळ तापतं ते वेगळंच. सासूबाईंना हे आधी पटलं नाही. "आमची पोरं कुंचीतच वाढली," त्या म्हणाल्या. पुढे भाचीला डॉक्टरांनीच सांगितलं, तेव्हा त्या गप्प बसल्या. पटलं असं मात्र अजूनही म्हणत नाहीत.

पुण्याच्या तुळशीबागेत किंवा दादरला तयार बाळंतविडा मिळतो. खोक्यात सॅटिनची झालर, झबलं, टोपरं, मोजे, हातमोजे, सगळं एका रंगात. शिवायला वेळ नसलेल्या घरानं तो घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त खोकं तसंच बाळंतिणीच्या हातात देऊ नका. सॅटिन बाजूला ठेवून सुती तेवढं वापरायला सांगा. कपडे घरी दोनदा धुऊन उन्हात वाळवा, मोजे उलटे करून आतले सुटे धागे कापा. आणि कुंचीला गोंदानं चिकटवलेले मोती असतील तर ते देण्याआधी स्वतः ओढून काढून टाका; चार महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं.