पारोळ्याचा मे महिना आणि प्रोसेसर

मे महिन्यात पारोळ्याचा पारा 42 अंश सेल्सिअसवर गेला की संगणकाचा पंखा घरघरू लागतो. त्यातच एखादा हौशी विद्यार्थी प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवतो. याला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात.

प्रोसेसरमधील सूक्ष्म स्विचांच्या उघडझापीत निर्माण होणारी उष्णता ही वारंवारता आणि विद्युतदाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेग 10 टक्के वाढवला व तो पेलण्यासाठी विद्युतदाबही 10 टक्के वाढवला, तर 1.1 × 1.1 × 1.1 = 1.33. म्हणजे उष्णता एक तृतीयांशाने वाढली!

पंख्याची हवा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, हे विसरू नका. समजा, हिवाळ्यात 25 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 70 अंशांवर असतो; फरक 45. वाढीव उष्णतेने तो 60 होईल. उन्हाळ्यात 42 अधिक 60, म्हणजे 102! बहुतेक प्रोसेसर 90 ते 100 अंशांच्या दरम्यान स्वतःच वेग उतरवतात. सारा खटाटोप वाया!

मग पंखाच जोरात फिरवला तर? फेरे दुप्पट केल्यास आवाज सुमारे 15 डेसिबेलने वाढतो. त्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवावा. तेवढीच हवा कमी आवाजात मिळते. जाळीवरची धूळही झाडावी. खानदेशात तिला तोटा नाही!

पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकात प्रोसेसरची उष्णता द्रव खेळवून वाहून नेतात. घरी मात्र वेग मूळचाच ठेवून विद्युतदाब थोडा घटवून पाहावा. 5 टक्के घटीने ही उष्णता जवळजवळ 10 टक्क्यांनी उतरते. संगणक मध्येच अडखळू लागला, तर एक पायरी मागे यावे.